जुन्या लोखंडाची पारख

“दादा, शिराळ्याच्या साइटवर मी येईन तेव्हा... मला ओळख दाखवू नकोस.”

शिरवळहून मिरजेपर्यंतच्या पाच तासांच्या एसटी प्रवासात प्रियदर्शनीनं हे एवढं एकच वाक्य मनाशी शंभरदा घोळवलं होतं. कधी त्याला कामाच्या शिस्तीचं पांघरूण घालून पाहिलं, कधी कंपनीच्या नियमाचं, कधी नुसत्या हसण्याचं... पण तोंडून बाहेर पडलं ते अगदी उघडंवाघडं, आणि बाहेर पडताक्षणीच ते परत गिळून टाकावं असं तिला वाटलं.

जालिंदर नुकताच जेवायला बसला होता. कालवणात बुडवलेला घास त्याच्या हातात तसाच राहिला. स्टोव्हपुढं बसलेल्या बनाबाईनं, त्यांच्या आईनं, एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा लेकाकडं पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचा हात हलला नाही.

“बरं,” जालिंदर म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं विचारलं, “आन् मंग काय म्हनू तुला?”

“सगळे मॅडम म्हणतात.”

“मॅडम म्हनीन मंग.” त्यानं घास तोंडात घातला. त्याच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. त्यानं काही लागट बोलून घेतलं असतं तर तिच्या मनावरचं ओझं तरी हलकं झालं असतं! पण तो खाली मान घालून जेवत राहिला, आणि हात धुऊन झाल्यावर रोजच्यासारखंच त्यानं विचारलं, “शिरवळात पानी येतंय का न्हाई तुज्या खोलीला?”

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली. होवाळांचं घर मिरजेत रेल्वेच्या रुळांजवळच्या वस्तीत होतं. वडील रेल्वेत गँगमन होते. ते वारले तेव्हा प्रियदर्शनी चौथीत होती आणि जालिंदर नववीत. त्यानं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचंच. जुन्या गिरण्या, जुने पूल, जुनी यंत्रं तोडणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीत तो शिरला आणि वर्षभरात गॅसकटर हातात धरू लागला. ठिणग्यांनी त्याच्या हातांवर बारीक बारीक काळे डाग पडले, अंगाला कार्बाइडचा उग्र वास कायमचा चिकटला. पण धाकट्या बहिणीच्या वह्यापुस्तकांत त्यानं कधी खंड पडू दिला नाही, आणि नव्वद साली तिला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा अख्ख्या वस्तीत तो घरोघर जाऊन सांगून आला.

पहिल्याच वर्षी एकदा ती डबा विसरली. जालिंदर कामावरून तसाच सायकल मारत कॉलेजच्या फाटकाशी आला. अंगावर जागोजाग जळलेला शर्ट, कपाळावर काळा गॉगल... बरोबरच्या मैत्रिणीनं विचारलं, हा कोण गं? प्रियदर्शनी म्हणाली, शेजारचे आहेत, आईनं पाठवलं असेल. तो चार हातांवरच उभा होता. त्यानं ऐकलं की नाही, हे तिला पुढं कधीच विचारता आलं नाही. मात्र त्यानंतर कॉलेजच्या उरलेल्या वर्षांत तो त्या फाटकाशी फिरकला नाही. काही द्यायचं असलं तर अलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचा.

शिरवळला लोखंडी शेड आणि पूल बांधणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. कारखान्यात ती एकटीच मुलगी. घरचं कुणी विचारलं तर ती ‘भाऊ मिरजेत कॉन्ट्रॅक्टिंगच्या लाइनमध्ये आहे’ असं सांगायची. आणि घरी ज्या सहजपणे ‘जयभीम’ म्हणायची, त्या सहजपणे तो शब्द ऑफिसात जिभेवर येईना. कुणी तिला तसं काही बोललं होतं असंही नाही. तिच्याच मनात एक भय घर करून बसलं होतं, आणि त्या भयाला ती व्यवहार म्हणत होती!

कंपनीचे मालक नानासो इनामदार कडक, पण नव्या विचाराला दार उघडं ठेवणारे गृहस्थ होते. एका बैठकीत प्रियदर्शनीनं मांडलं, की पाडलेल्या इमारतींचं लोखंड आपण भट्टीत वितळवायला पाठवतो, त्यात कोळसा जळतो, धूर होतो, आणि पन्नास-साठ वर्षं सहज टिकेल असा माल फुकट जातो. त्यापेक्षा जुन्या छतांचे त्रिकोणी लोखंडी सांगाडे, म्हणजे कैच्या, अलगद उतरवाव्यात, तपासाव्यात, आणि त्याच पुन्हा नव्या छताला वापराव्यात. सगळे थक्क झाले. हे सुचलं कसं, म्हणून नानासोंनी कौतुकानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “वाचनात आलं होतं.”

वाचनात! लहानपणापासून जेवताना जालिंदरच्या तोंडून तिनं ते ऐकलं होतं. “चांगलं लोखंड भट्टीत घालायचं म्हंजे जित्या मानसाला सरनावर चढवल्यावानी हाय बघ दर्शे,” असं तो म्हणायचा. घरातलं तिचं नाव दर्शू. रिवेटचं डोकं उडवावं, पत्र्याला जाळ लागू देऊ नये, मग तोच तुकडा पुन्हा जोडता येतो, हे सगळं त्यानंच तर तिला शिकवलं होतं. ‘वाचनात’ म्हणताना तिचे कान तापले... पण बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांच्या आवाजात माणसाला स्वतःचं मन ऐकू येत नाही.

तिच्या या कल्पनेवरच पहिलं काम मिळालं. सांगलीतल्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या कैच्या उतरवायच्या आणि त्यांतून शिराळ्याजवळच्या मुलींच्या शाळेचं मोठं सभागृह उभं करायचं. आराखडा प्रियदर्शनीचा, साइटची जबाबदारी रविराज नावाच्या अनुभवी सुपरवायझरची. आणि गिरणी उतरवण्याचं नि शिराळ्याला कैच्या चढवण्याचं काम मिळालं ते नेमकं जालिंदरच्या टोळीला!

म्हणूनच ती त्या दिवशी मिरजेला आली होती. म्हणूनच ते वाक्य.

जालिंदरनं शब्द पाळला, तो इतका की तिला सोसवेना. ती गिरणीवर पाहणीला गेली की तो डोक्यावरची टोपी काढून बाजूला उभा राहायचा, ‘मॅडम, हिकडनं या, तितं खिळं हायत’ म्हणायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. टोळीतला सिद्धू हा त्याचा जिवलग. त्याला सगळं ठाऊक होतं. तो तिच्याकडं अशा नजरेनं बघायचा की तिला हातातल्या कागदात डोकं खुपसावं लागायचं. मग हळूहळू तिनं गिरणीवर जाणंच कमी केलं. घरीही दोन महिने गेली नाही. कामाचं निमित्त होतंच.

उतरवलेल्या मालातले तीन तुकडे तिनं तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले. तिन्ही उत्तम ठरले. खरं तर प्रत्येक तुकडा स्वतः डोळ्यांखालून घालायचा, ठोकून बघायचा, मगच ‘सर्व माल तपासला’ अशा कागदावर सही करायची, हा नियम तिनंच लिहून दिला होता. पण त्यासाठी चार दिवस गिरणीच्या आवारात, जालिंदरच्या समोर बसावं लागलं असतं... मॅडम होऊन. तिनं शिरवळलाच बसून सही केली.

मार्चमधल्या एका सोमवारी शाळेचे विश्वस्त शिरवळला आले होते. नानासोंच्या दालनात नकाशे पसरले होते, चहा चालला होता. वॉचमन आत येऊन म्हणाला, मिरजेहून कुणी जालिंदर होवाळ आलेत, मॅडमना भेटायचं म्हणतात.

“होवाळ?” नानासोंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचे कोणी नातेवाईक?”

ती वेळ म्हटली तर एका श्वासाची होती. खिडकीतून फाटक दिसत होतं. धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन जालिंदर तिथं उभा होता, आणि आपल्याला आत बोलावतील म्हणून पायांतल्या चपलांची धूळ झटकत होता.

“नाही... आमच्या भागातले आहेत. आपल्या ठेकेदाराकडं असतात.” मग वॉचमनकडं न बघता ती म्हणाली, “कामाचं काही असेल तर रविराजना सांगायला सांगा.”

वॉचमन गेला. तिनं पुन्हा खिडकीकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि तरी बघितलं. जालिंदरनं निरोप ऐकला, मान डोलावली. फाटकाजवळच्या नळावर ओंजळीनं पाणी प्यायला, आणि आला तसा हमरस्त्याकडं चालू लागला. पाच तास येणं, पाच तास जाणं... आणि मधे एक ओंजळ पाणी! विश्वस्त तिला सभागृहाच्या उंचीबद्दल काहीतरी विचारत होते. तिनं बरोबर उत्तर दिलं. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. पण नानासोंच्या दालनात आपण निभावून नेलं, याचं एक हीन समाधानही त्या खिन्नतेच्या तळाशी होतं, आणि तेच तिला पुढं कितीतरी दिवस जाळत राहिलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी शिराळ्याला पहिली कैची चढवायला घेतली. लाल रंगानं न्हाऊन निघालेलं ते जुनं लोखंड उन्हात नव्यासारखं दिसत होतं. आठ माणसं दोरांवर, दोन माणसं चेनपुलीवर. शाळेच्या मुली लांब कुंपणापाशी गोळा होऊन बघत होत्या. प्रियदर्शनी हातात आराखडा घेऊन उभी होती. जालिंदर डाव्या दोरावर होता, त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. फक्त कैची जमिनीवरून उचलायच्या आधी त्यानं रविराजजवळ जाऊन काहीतरी सांगितल्याचं आणि रविराजनं हातानं त्याला झटकल्याचं तिला दिसलं.

कैची पंधरा फूट वर गेली आणि फाटकन असा आवाज झाला. जोडाला वेल्डिंग केलेली पट्टी, जुन्या अँगलचा वरचा पापुद्रा सोलून घेऊन, निखळून आली. कैचीचं एक टोक कलंडलं. खाली सिद्धू होता. जालिंदरनं दोर सोडला नाही, एका हातानं तो तसाच धरून दुसऱ्या हातानं त्यानं सिद्धूला ढकललं... आणि त्या उजव्या हातावर लोखंड आलं.

कुंपणापाशी मुली किंचाळल्या. लोक धावले. प्रियदर्शनीही धावली, पण दोन पावलं. तिसरं पाऊल उचललं गेलं असतं की नाही कोण जाणे, कारण तोवर जालिंदरनंच तिच्याकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक पडलेला, आणि तरी त्यानं मान हलवून तिला नको म्हटलं.

“मॅडम... तुमी कामाचं बगा,” तो म्हणाला.

आणि ती थांबली! त्याला जीपमध्ये घातलं, जीप इस्लामपूरच्या रस्त्याला लागली, धुळीचा लोट खाली बसला, तरी ती तिथंच उभी होती. सख्खा भाऊ रक्तबंबाळ होऊन निघून गेला आणि ती हातातल्या कागदाची घडी घालत राहिली.

इस्लामपुरात पट्टी बांधून त्याला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. हे तिला कळलं ते शुक्रवारी शिरवळला, ऑफिसच्या फोनवर, इतर दहाजणांबरोबर. आणि शनिवारी रविराजनं नानासोंच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं, की तोडताना माझ्या हातून गॅसचा जाळ जास्त लागला, त्यामुळं अँगल कमजोर झाला, चूक माझी आहे. खाली डाव्या हातानं केलेली वेडीवाकडी सही होती, जालिंदर होवाळ.

तो कागद वाचताना प्रियदर्शनीच्या मनात सगळ्यात आधी जे उमटलं, ते तिनं आयुष्यात कुणालाही सांगितलं नसतं. तिला सुटल्यासारखं वाटलं. आपला आराखडा, आपली सही, आपली कल्पना, सगळं वाचलं... क्षणभरच! आणि त्या क्षणानंतर तिला स्वतःची अशी काही शिसारी आली की ती उठून बाहेर गेली.

फाटकाबाहेर सिद्धू उभा होता. आत निरोप न देता तो तसाच उन्हात थांबला होता.

त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. गिरणीचा एक भाग फार जुना, इतर भागाच्या कितीतरी आधी बांधलेला होता. तिथलं लोखंड जालिंदरला कापतानाच वेगळं लागलं. ते पोलाद नव्हतं, जुनं घडीव लोखंड होतं, भाकरीच्या पदरासारखे त्याचे पापुद्रे सुटत होते. आरपार भोक पाडून बोल्ट मारला तर ते टिकलं असतं, पण नुसतं वरून वेल्डिंग केलं तर वरचा पापुद्राच निघून येणार होता. असे अकरा अँगल त्यानं खडूनं फुल्या मारून बाजूला ठेवले. रविराजला सांगितलं. तो म्हणाला, इंजिनिअरची सही झालीय, तू गॅस मार. फुल्यांवरून रंग फिरला. ऑफिसात दोनदा फोन केला तर मॅडम कामात आहेत म्हणून सांगितलं. म्हणून सोमवारी, दिवसाची मजुरी बुडवून, तो शिरवळला आला होता.

“ताई, दादानं मला सपथ घातलीया, तुला सांगायचं न्हाई म्हनून,” सिद्धू म्हणाला. “पर मी जित्ता हाय त्येच्यामुळं. हात गेला त्यो गेलाच. आता नावबी गेलं त्येचं. जाळ कुटं किती द्यायचा ते कळत न्हाई असल्या कटरला कोन हुबं करनार?”

ती जागच्या जागी खाली बसली. पुन्हा पुन्हा तिच्या डोळ्यांपुढं त्या कुंपणाजवळच्या मुली येत होत्या. कैची चढवतानाच पट्टी निखळली म्हणून त्या मुली तरी वाचल्या! चार वर्षांनी, भरल्या सभेत, त्याच मुलींच्या माथ्यावर ती निखळली असती तर...? आणि ते थांबवायला जो माणूस पाच तासांचा प्रवास करून आला होता, त्याला तिनं ओंजळभर पाणी पाजून परत पाठवलं होतं. तेही तिनं पाजलं नव्हतं, नळानं पाजलं होतं.

ती तडक मिरजेला गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बनाबाई बसली होती. लेकीला बघून ती उठली नाही, रडली नाही. ती खालच्या आवाजात म्हणाली, “त्येनं सांगितलंय, दर्शूला हितं येऊ दिऊ नगा. कंपनीची मान्सं येत्यात, बगतील.” मग पदरानं तोंड पुसत तिनं विचारलं, “जातीस का मंग?”

त्या प्रश्नात खोचकपणा नव्हता. आई खरोखरच विचारत होती. लेक कदाचित जाईल, असं तिला खरोखरच वाटत होतं! बाईला आपल्या पोटच्या पोरीबद्दल असं वाटावं, इथवर आपण येऊन पोचलो... प्रियदर्शनीला हुंदका आवरेना. ती आत गेली नाही. ‘उद्या येते,’ एवढंच म्हणाली, कारण आत जाऊन रडायच्या आधी एक काम करायला हवं होतं, आणि ते आधी केलं नाही तर पुन्हा कधीच होणार नाही, एवढी ती आता स्वतःला ओळखू लागली होती.

रविवारी शाळेचे विश्वस्त साताऱ्यात नानासोंच्या घरी जमले होते. रविराज होता. चर्चा जालिंदरच्या कागदावरच चालली होती. प्रियदर्शनी न बोलावता गेली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. तिनं सांगितलं, की जाळ जास्त लागला हे खोटं आहे. त्या अँगलना वेल्डिंग चालणारच नव्हतं, आराखडा माझा चुकला. सर्व माल तपासला अशी सही मी माल न बघता केली. अकरा तुकड्यांवर फुल्या मारून ज्यानं धोका दाखवला, त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि तो मला सांगायला आला तेव्हा मी त्याला भेटले नाही.

“आणि जालिंदर होवाळ माझे सख्खे थोरले भाऊ आहेत,” ती म्हणाली. “जुनं लोखंड वापरायची कल्पना त्यांची आहे. मी वाचनात आली म्हणाले होते. माझं सगळं शिक्षण त्या हातानं झालंय.”

रविराजनं खाली मान घातली. नानासोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “आराखड्यातली चूक मी पोटात घातली असती, होवाळ. चुका माझ्याही झाल्यात. पण न बघता केलेली सही... ती नाही. उद्यापासून येऊ नका.”

रविराजलाही साइटवरून काढलं. नानासोंनी जालिंदरच्या उपचाराची जबाबदारी घेतली आणि तो खोटा कागद सगळ्यांसमोर फाडला. शाळेचं काम थांबलं, अकरा अँगल वेगळे झाले, आणि जोड पुन्हा आखले गेले, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं. प्रियदर्शनी साताऱ्याच्या स्टँडवर मिरजेच्या गाडीची वाट बघत बसली तेव्हा नोकरी गेल्याचं दुःख तिला झालं नाही असं नाही. ते झालं. पण त्या दुःखात निदान लपवण्यासारखं काही नव्हतं.

जालिंदरला हे कळलं तेव्हा तो तिच्यावर अक्षरशः उखडला. “पार मातीत घातलंस सगळं!” खाटेवर उठून बसत तो म्हणाला. “हात गेला तर गेला, हिची नोकरी तरी वाचली, असं मी मनाला सांगत हुतो. आता काय सांगू मनाला?”

“दादा, माजं चुकलं...” दोन वर्षांत जी घरची बोली तिच्या जिभेवरून उतरली होती, ती आपोआप परत आली. तिनं त्याचा बँडेजमधला हात धरायला हात पुढं केला. त्यानं तो मागं घेतला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

घरी आल्यावरही पंधरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती त्याला भाकरी कुस्करून द्यायची, शर्टाची बटणं लावायची. तो मुकाट्यानं लावून घ्यायचा. प्रियदर्शनीला वाटायचं, हा राग नोकरीचा आहे. ती मनात म्हणायची, शिव्या दे, मार, पण बोल.

एका दुपारी आई बाजारात गेली होती. प्रियदर्शनी त्याच्या हाताची पट्टी बदलत होती. राहिलेली दोन बोटं सुजलेली होती, आणि त्या डागाळलेल्या कातडीकडं बघता बघता तिचे डोळे भरून आले. तेव्हा जालिंदर एकदम बोलायला लागला, तिच्याकडं न बघता.

“तुला एक सांगायचं हाय. त्या कागदावर सई केली ती निस्ती तुज्यासाटनं न्हाई केली मी.” तो थांबला. “मला वाटलं, आता ही जलमभर माज्याम्होरं खाली मान घालून ऱ्हाईल. कालेजच्या गेटावर शेजारी झालो, शिरवळात भागातला झालो... आता कळंल हिला, सख्खा भाव काय असतो ते. दवाखान्यात पडल्या पडल्या मी त्येच सुख घेत हुतो, दर्शे. आन् तू जाऊन समद्यास्नी खरं सांगितलंस. मला त्येचाच राग आला. नोकरी गेल्याचा न्हवं. मला लय लाज वाटती त्येची.”

म्हणजे कॉलेजच्या फाटकाशी त्यानं ऐकलं होतं! सात वर्षं त्यानं ते उराशी धरलं होतं, आणि तरीही दर महिन्याला कोपऱ्यावर उभा राहिला होता... प्रियदर्शनीनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. दोघंही रडले. कुणी कुणाला समजावलं नाही. दोघांनाही आपापल्या लाजेचं तोंड आज पहिल्यांदाच एकमेकांना दाखवता आलं होतं, आणि ते दाखवल्यावर पूर्वीसारखं उंच-सखल काही उरलं नाही.

त्या उन्हाळ्यात ती रोज त्याच्याबरोबर, टोळीनं तोडून आणलेलं जुनं लोखंड जिथं साठवत त्या मिरजेतल्या आवारात जाऊ लागली. जालिंदरला गॅस धरता येत नव्हता, पण डोळे आणि कान शाबूत होते. घडीव लोखंड ठोकल्यावर कसं वाजतं, ओतीव बिडाचा कसा तुकडा पडतो, पोलादाची ठिणगी कशी उडते, हे तो सांगायचा आणि ती वहीत लिहून घ्यायची. पुस्तकात जे होतं ते ती त्याला समजावून सांगायची. लोक हसायचे, इंजिनेर बाई भंगारात बसली म्हणायचे. तिचे कान तापायचे, नाही असं नाही. लाजेची सवय अशी एका उन्हाळ्यात सुटत नाही. पण ती उठून गेली नाही.

पावसाळा सरल्यावर कवठेमहांकाळच्या पूर्वेकडच्या एका गावाहून अर्जुना नावाचा माणूस आवारात आला. त्याचे वाडवडील मेंढरं राखायचे; यानं बोअर मारून द्राक्षं लावली होती आणि त्याला बेदाणा सुकवायला शेड बांधायची होती. जुन्या लोखंडात मजबूत शेड करून देईल असा पारखी मिरजेत कुणीतरी आहे, असं त्यानं ऐकलं होतं. प्रियदर्शनीनं त्याला कागदावर शेड काढून दाखवली. वारा कुठून येतो, जाळ्या कशा लावाल, सगळं बोल्टवर असेल, पुढं जागा बदलावी वाटली तर उघडून नेता येईल, असं सांगितलं. अर्जुनाला ते पटलं, पण त्याचा धीर होईना. त्यानं जालिंदरला जरा बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चारच हातांवर.

“दादा, ह्या बाई कोन म्हनायच्या?” त्यानं विचारलं. “तुमच्या कंपनीतल्या का?”

प्रियदर्शनीच्या हातातली पेन्सिल थांबली. जालिंदरनं तिच्याकडं पाहिलं, मग दूर आवाराच्या दाराकडं पाहिलं... तो काय म्हणेल, ते तिला कळेना. इंजिनेर म्हणेल, मॅडम म्हणेल, भागातली म्हणेल. काहीही म्हणाला तरी त्याला हक्क होता, आणि ते आपण ऐकून घ्यायचं, असं तिनं मनाशी म्हटलं. तेवढ्याशा वेळात तिच्या घशाला कोरड पडली, आणि आजवर याच्या घशाला किती वेळा अशी कोरड पडली असेल, ते तिला तेव्हा कळलं.

“माजी धाकली भन हाय,” जालिंदर म्हणाला. “मिस्त्री मी हाय, पर शेड ती बांधनार. तिला इचारा काय इचारायचं त्ये.”